कॅन्सरचे उपचार सुरू होताना: पेशंटची आणि घरच्यांची काळजी, पायरीपायरीने

कॅन्सरचं निदान झालं की घरातले सगळे एकाच प्रश्नामागे धावतात: उपचार कोणता आणि कधी सुरू? ते साहजिकच आहे. केमो, रेडिएशन, ऑपरेशन ठरवणारी माणसं दवाखान्यात बसलेली असतात. पण त्या काळात उडालेली झोप, आलेलं तोंड, चिडचिड, पैशांची काळजी, मुलांना काय सांगायचं, हे सगळं कुणाकडे घेऊन जायचं हे कुणीच सांगत नाही. माझ्या वडिलांच्या आजारपणात ही दुसरी बाजू माझ्याकडे होती. तेव्हा जे कळलं आणि नंतर वाचून, विचारून जे पक्कं करून घेतलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

डोस, औषधं, तपासण्या तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायच्या. इथे त्यांना काय विचारायचं, कधी विचारायचं आणि घरी काय बघायचं एवढंच आहे. आणि एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तिचा कंटाळा करू नका: जो त्रास सांगितला जात नाही, त्यावर उपचार होत नाही.

१. पॅलिएटिव्ह टीमची भेट आत्ताच मागा

पॅलिएटिव्ह केअर म्हटलं की पोटात गोळा येतो. "म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?" असं वाटतं. या भीतीपायी लोक महिनोन् महिने वेदना अंगावर काढतात. कॅन्सर बरा होण्यासारखा असो वा नसो, त्रास कमी करणारी ही टीम उपचारांच्या जोडीने, पहिल्या दिवसापासून भेटू शकते.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ पेशंटपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह टीम दिली. त्यांचं रोजचं जगणं अधिक सुसह्य राहिलं, नैराश्य कमी दिसलं, आणि शेवटच्या काळात आक्रमक उपचार कमी होऊनही ते सरासरी जास्त जगले: मध्यम आयुर्मान (गटातले निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने, दुसऱ्या गटाचं ८.९. प्रत्येक कॅन्सरमध्ये आयुष्य असं वाढेलच असं नाही. पण ही टीम बोलावली की माणूस लवकर जातो, ही समजूत तरी डोक्यातून काढून टाका.

या विचाराची सुरुवात करणाऱ्यांत सिसिली सॉन्डर्स यांचं नाव पहिलं येतं. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारी संस्था, सुरू केलं. माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चारही अंगांनी असते, एकीला हात न लावता दुसरी शांत होत नाही, असं त्यांचं सांगणं होतं. मुलाच्या लग्नाच्या काळजीने ज्याला झोप लागत नाही, त्याची पाठ रात्री जास्त दुखते. हे आमच्या घरात पाहिलं आहे.

मागायचं कसं? सरळ असं म्हणा: "उपचार चालू असतानाच आम्हाला पॅलिएटिव्ह टीमला भेटायचं आहे, त्रासांसाठी मदत हवी आहे." मोठ्या ठिकाणी या टीममध्ये डॉक्टर, नर्स, समुपदेशक, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेवक असतात. लहान दवाखान्यात इतकं सगळं नसतं. तिथे केमो देणारी नर्स आणि समाजसेवक या दोघांची ओळख पहिल्याच भेटीत करून घ्या. अर्धे प्रश्न या दोघांकडेच सुटतात. पैशांचं ओझं, प्रवास, राहण्याची सोय हे विषय समाजसेवकाकडे पहिल्या आठवड्यातच काढा. कर्ज झाल्यावर मदत शोधणं फार कठीण जातं.

२. फाईल आणि वही

ज्याच्या हातात नीट फाईल असते त्याचं काम दवाखान्यात लवकर होतं, मग डॉक्टर नवीन असोत वा रात्रीची इमर्जन्सी असो. फाईलमध्ये हे असू द्या:

- बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याचा रिपोर्ट. सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. त्याच्या दोन झेरॉक्स वेगळ्या ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर मूळ स्लाईड आणि ब्लॉकही (त्या तुकड्याचे काचेवरचे आणि मेणात जपलेले नमुने) मागून घेता येतात.
- स्कॅनचे रिपोर्ट आणि त्यांच्या सीडी
- रक्ताचे रिपोर्ट, तारखेनुसार लावलेले
- दिलेल्या प्रत्येक केमोची नोंद: औषधाचं नाव, डोस, तारीख
- डिस्चार्ज पेपर
- सध्या चालू असलेली सगळी औषधं. डायबेटिस, बीपीच्या गोळ्या आणि स्वतःहून घेतलेल्या पावडरी, काढेसुद्धा.
- कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे
- रात्री फोन करायचा नंबर. हा फाईलच्या वरच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहा.

सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा. आणि एक साधी वही वेगळी करा. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिच्यात लिहायचे आणि त्यांच्यापुढे बसूनच उत्तरं टिपायची. पेशंट आणि नातेवाईक दोघेही घाबरलेले असताना खोलीत ऐकलेलं दाराबाहेर येईपर्यंत विसरलेलं असतं.

घरी लागणारी साधनं थोडीच आहेत: चांगला डिजिटल थर्मामीटर, वजनकाटा, दिवसवार कप्प्यांची गोळ्यांची डबी, मऊ ब्रश आणि डिस्पोजेबल हातमोजे. केमोनंतरचे साधारण ४८ तास पेशंटची उलटी, लघवी किंवा त्यांचे डाग पडलेले कपडे हाताळताना हातमोजे घाला. मिठी मारायला, जवळ बसायला मात्र काहीच हरकत नाही.

३. वेळ निघून जाण्याआधी विचारायच्या गोष्टी

काही प्रश्न उपचार सुरू होण्याआधीच विचारले तर उपयोग असतो. गडबडीत डॉक्टरांकडूनही ते राहून जातात, म्हणून तुम्हीच काढा.

मूल होण्याची इच्छा पुढे असेल तर पहिल्या केमोआधी सांगा. पुरुषांचं वीर्य गोठवून ठेवायला फारसा वेळ लागत नाही. स्त्रीबीज किंवा गर्भ गोठवायला सहसा दोनेक आठवडे लागतात. पेशंट अविवाहित आहे, वय लहान आहे म्हणून संकोच करू नका. उलट त्यांच्याच बाबतीत हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा.

तोंडाला किंवा गळ्याला रेडिएशन द्यायचं असेल, किंवा हाडं बळकट करणारी काही इंजेक्शनं सुरू होणार असतील, तर दंतवैद्याला आधी दाखवा. नंतर दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून यायला फार त्रास होतो.

केमोआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का, हेही विचारा. शरीरात दबून राहिलेला हा विषाणू केमोमुळे पुन्हा उसळू शकतो. लसींचंही त्याच वेळी विचारून ठेवा. फ्लूची निष्क्रिय लस पेशंटला आणि घरच्यांना घेता येते. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र केमो चालू असताना पेशंटला देत नाहीत.

केस जाणार असतील तर विग किंवा स्कार्फ आधीच बघून ठेवा. वरवरची गोष्ट आहे असं समजून टाळू नका. आरशासमोर उभं राहणं अनेकांना सुईपेक्षा जड जातं.

४. त्रासाला आकडा द्या

"कसं वाटतंय?" असं डॉक्टरांनी विचारलं की बहुतेक पेशंट "बरं आहे" म्हणतात. डॉक्टरांचा वेळ जाऊ नये, तक्रारखोर वाटू नये, किंवा डोस कमी करतील अशी भीती, अशी त्यामागची कारणं असतात. यावर उपाय आकड्याचा आहे.

शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. वेदना, थकवा, गुंगी, मळमळ, भूक, दम लागणं, उदासपणा, काळजी आणि एकूण कसं वाटतंय अशा नऊ गोष्टींना पेशंटने स्वतः आकडा द्यायचा. एडमंटन स्केल नावाची ही पद्धत १९९१ साली कॅनडात तयार झाली. नऊ प्रश्नांचं रूप तिला पुढे आलं आणि आज ती जगभर वापरली जाते. वहीत आठवड्यातून एकदा लिहा, केमोनंतरच्या आठवड्यात रोज. आकडा पेशंटचाच हवा. तुम्हाला पाच वाटत असेल आणि पेशंट आठ म्हणत असेल, तर आठच लिहा.

इतकं साधं काम करून काय होणार, असं मलाही वाटत असे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ते बदललं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये पसरलेला कॅन्सर असलेल्या ७६६ पेशंटपैकी काहींनी आपले त्रास संगणकावरून नियमित कळवले. त्रास वाढला की नर्सला सूचना जायची आणि ती लगेच हालचाल करायची. त्या गटाचं मध्यम आयुर्मान ३१.२ महिने भरलं, नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्यांचं २६. नवं औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. त्रास वेळेवर कळवला गेला होता.

५. वेदना: इथे घाबरू नका, थांबूही नका

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत मांडली: आधी साधी वेदनाशामकं, मग थोडी तीव्र, मग मॉर्फिनसारखी. २०१८ च्या नव्या सूचनांत पायऱ्या चढत बसण्यापेक्षा पेशंटची वेदना बघून औषध निवडण्यावर भर आहे. दोन तत्त्वं मात्र टिकून आहेत: शक्य तोवर तोंडाने, आणि घड्याळाप्रमाणे. वेदना उसळण्याची वाट बघून गोळी घेतली तर गोळी कायम वेदनेच्या मागे धावते. ठरलेल्या वेळी घेतली तर वेदना डोकं वर काढत नाही. मधेच उसळलीच तर घ्यायचा जादा डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. तो दिवसातून किती वेळा लागला हे वहीत नोंदवा, कारण मुख्य डोस वाढवायचा की नाही हे त्यावरून ठरतं.

मॉर्फिनबद्दल घराघरांत ऐकू येणारी वाक्यं:

"याचं व्यसन लागेल." वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन क्वचितच लागतं. पूर्वी व्यसनाचा त्रास असेल तर तो मोकळेपणाने सांगा. तशा वेळी मॉर्फिन नाकारत नाहीत, देखरेख वाढवतात. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं. पण सवय वेगळी आणि व्यसन वेगळं.

"मॉर्फिन म्हणजे शेवट." वर्षानुवर्षं मॉर्फिनवर राहून चालणारे, फिरणारे, कामाला जाणारे पेशंट असतात. आत्ता घेतलं तर नंतर उपयोग होणार नाही, हेही खरं नाही. गरजेप्रमाणे डोस वाढवता येतो.

"खूप झोप येते, बंद करू." सुरुवातीची गुंगी आणि मळमळ सहसा काही दिवसांत ओसरते. न ओसरणारा त्रास म्हणजे शौचाला न होणं. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवं. चिठ्ठीवर ते दिसलं नाही तर तिथेच विचारा. पेशंटला हाका मारूनही जाग येत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, किंवा किडनीचा त्रास असताना गुंगी वाढत चालली असेल, तर मात्र लगेच फोन करा.

दीर्घकाळ काम करणारी गोळी फोडून, कुटून देऊ नका, सगळा डोस एकदम सुटतो. फेंटानिलच्या पट्टीवर (त्वचेवर चिकटवायचं मॉर्फिनसारखं औषध) गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. ही औषधं कुलपात ठेवा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. पाठीत नवं दुखणं सुरू झालं, ते आडवं पडल्यावर किंवा खोकल्यावर वाढतंय, पायात बळ नाही, बधिरपणा आहे, लघवी अडली आहे, यांतलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका. मज्जारज्जूवर दाब आला असेल तर तासांचा हिशेब असतो, आणि उशीर झाला तर पायांतलं बळ परत येत नाही.

६. केमो, रेडिएशन, इम्युनोथेरपीचे त्रास

ताप पहिला. केमोवर असलेल्या माणसाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरेनहाइट) किंवा जास्त ताप आला की रात्रीचे दोन असोत, दवाखान्यात फोन करायचा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात आणि साधा संसर्गही झपाट्याने पसरू शकतो. इथला नेहमीचा सापळा म्हणजे "आधी पॅरासिटामॉल देऊन बघू." ताप उतरतो, संसर्ग आत वाढत राहतो, आणि दवाखान्यात पोचल्यावर थर्मामीटर नॉर्मल दाखवतो. आधी मोजा, मग फोन, मग ते सांगतील ते औषध.

मळमळ: उलटी थांबवण्याचं औषध उलटी होण्याआधी घ्यायचं असतं. दिलेल्या वेळा पाळा. एक औषध चाललं नाही तर वेगळ्या प्रकारचं मिळतं, पण ते चाललं नाही हे तुम्ही सांगायला हवं.

तोंड येणं: एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालून दिवसातून अनेकदा चुळा भरा. अल्कोहोल असलेलं माउथवॉश टाळा. काही औषधांच्या वेळी बर्फ चघळल्याने तोंड येणं कमी होतं. पण ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर थंड पाणीसुद्धा घशाला आणि बोटांना झोंबतं. म्हणून शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटचा उपाय विचारल्याशिवाय उचलू नका.

थकवा: झोपून न जाणारा असा हा थकवा असतो. "आराम करा" हा सल्ला इथे उलटतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर हालचाल हाच यावरचा सगळ्यात चांगला तपासलेला उपाय आहे. आठवड्यातून तीनदा साधारण ३० मिनिटं मध्यम गतीने चालण्यासारखा व्यायाम आणि जमेल तसे स्नायूंचे व्यायाम, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. सुरुवात पाच मिनिटांनी केली तरी चालेल. हिमोग्लोबिन, थायरॉईड, झोप, नैराश्य यांपैकी काही थकव्यामागे आहे का, हे मात्र तपासून घ्या.

इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार, घेणाऱ्यांसाठी खास: तिचे त्रास केमोसारखे नसतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटू शकते. जुलाब, नवा खोकला किंवा दम, अंगावर पुरळ, कमालीची मरगळ हे उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही दिसू शकतं. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य "यांना इम्युनोथेरपी चालू आहे" किंवा "झाली आहे" हेच हवं.

एकाच पायाची पोटरी सुजली किंवा अचानक दम लागू लागला तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

७. खाणं, आणि खाण्यावरून होणारी भांडणं

कॅन्सर बरा करणारा आहार नाही. साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, पेशंटचं वजन मात्र उतरतं. उपचारांच्या काळात वजन टिकवणं आणि पुरेशी प्रथिनं पोटात जाणं ही दोनच उद्दिष्टं धरा. दर आठवड्याला वजन लिहा, सतत उतरत असेल तर आहारतज्ज्ञाची भेट मागा. ताटभर वाढू नका, थोडं थोडं दिवसातून सहा-सात वेळा द्या. गरम अन्नाचा वास सहन होत नसेल तर ते निवलेलं द्या.

घरात सगळ्यात जास्त वाद ताटावरून होतात. भूक न लागणं हा आजाराचा भाग आहे, हट्ट नाही. प्रत्येक घासागणिक आग्रह झाला की पेशंट जेवणाच्या वेळेलाच घाबरायला लागतो.

आता औषधी वनस्पती, पूरक गोळ्या, कुणाच्या तरी ओळखीतले रामबाण उपाय. लोक प्रेमानेच आणून देतात. पण सेंट जॉन्स वर्ट नावाची मनासाठी घेतली जाणारी वनस्पती इरिनोटेकान आणि इमॅटिनिब या कॅन्सरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटवते. ग्रेपफ्रूट काही औषधांचं प्रमाण वाढवतं. "नैसर्गिक आहे" एवढ्यावर विसंबू नका. बाटलीच आणून डॉक्टरांना दाखवा. आणि उपचार सोडून फक्त पर्यायी मार्ग धरायचा विचार असेल तर हे वाचा: येल विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, न पसरलेला कॅन्सर असताना फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या अडीच पट निघाला. ध्यान, योग, मसाज, संगीत यांनी मनाला बरं वाटत असेल तर जरूर करा, उपचारांच्या जोडीने. मसाज करणाऱ्याला आजाराबद्दल आणि प्लेटलेट्सबद्दल सांगून ठेवा.

८. मन: पेशंटचं

"पॉझिटिव्ह राहा" हे वाक्य घरात शक्यतो वापरू नका. मनाच्या जोरावर गाठ विरघळते असा पुरावा नाही. या वाक्याने एवढंच होतं की पेशंट रडणं थांबवतो, कारण रडलो तर आजार वाढेल आणि तो माझाच दोष, असं त्याला वाटायला लागतं. भीती, राग, स्कॅनच्या आदल्या रात्रीची तगमग हे सगळं स्वाभाविक आहे.

मदत कधी मागायची? यासाठीही शून्य ते दहाची मोजपट्टी आहे, तिला डिस्ट्रेस थर्मामीटर म्हणतात. मागच्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला याचा आकडा चार किंवा त्याहून वर असेल तर टीमला सांगा. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर औषधं आणि समुपदेशन दोन्ही आहेत. "जगून काय करू" असं बोलणं आलं तर विषय बदलू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं थेट विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

काही वेळा कारण मनाचं नसून औषधाचं असतं. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते. ही गोळी सकाळी घेता येईल का, हे विचारा.

"हे माझ्याच वाट्याला का?" या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नका. श्रद्धा असलेल्याला त्याच्या श्रद्धेतलं माणूस भेटू द्या. नसलेल्याला कीर्तन ऐकवू नका.

९. घर: कोणाला काय सांगायचं, आणि सांभाळणाऱ्याचं काय

"त्यांना काही सांगू नका" असं नातेवाईक डॉक्टरांना कानात सांगतात. हेतू चांगलाच असतो. पण केमोच्या खोलीत बसलेल्या माणसाला सगळं कळत असतं, आणि मग दोन्ही बाजू एकमेकांसमोर नाटक करत राहतात. मला वाटतं, पेशंटलाच विचारावं: "तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचं आहे? सगळं, की मोघम, की आमच्यापैकी कुणाशी बोललेलं चालेल?" कमी जाणून घेण्याचाही त्यांना हक्क आहे, पण तो निर्णय त्यांचा.

मुलांना कॅन्सर हा शब्द सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर विश्वास जातो. लहान मुलांना तीन गोष्टी न विचारता सांगायच्या: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, हे जवळ बसल्याने लागत नाही, आणि तुला शाळेत नेणं-आणणं, जेवण, झोपवणं अमुक माणूस करणार आहे. तिसरी गोष्ट मोठ्यांना किरकोळ वाटते, मुलांना तीच हवी असते.

आता जो सांभाळतो त्याच्यासाठी. कामांची यादी कागदावर करा आणि वाटा. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला तिथेच एक काम द्या: मंगळवारी रक्ताचा रिपोर्ट आण, रविवारी दुपारी चार तास यांच्याजवळ बस. चौकशीच्या फोनना उत्तर द्यायला एकच माणूस नेमा, तो मुख्य काळजी घेणारा नसावा. स्वतःच्या बीपीच्या गोळ्या, तपासण्या, झोप पुढे ढकलू नका. पेशंटच्या भेटीत डॉक्टरांना स्वतःबद्दलही बोला: "मला रात्रभर झोप नाही, मी चिडते आहे." पॅलिएटिव्ह टीमच्या कामात घरचेही येतात.

१०. उपचार संपल्यावर, किंवा थांबवताना

उपचार संपले की सगळे अभिनंदन करतात आणि नेमकी तेव्हाच अनेक पेशंटना भीती गाठते, कारण दर आठवड्याला कुणीतरी तपासत होतं ते बंद होतं. शेवटच्या भेटीत लेखी सारांश मागा: काय काय दिलं, पुढच्या तपासण्या कधी, कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं, आणि उशिरा दिसू शकणारे परिणाम कोणते. हातापायांचा बधिरपणा, विसरभोळेपणा, शरीरसंबंधातल्या अडचणी यांवर मदत मिळते. शेवटचा विषय डॉक्टर सहसा काढत नाहीत, तुम्ही काढा.

आजार आटोक्याबाहेर जात असेल तर प्रश्न बदलतात. पुढच्या उपचाराबद्दल हे विचारा: याने सर्वात चांगलं काय होऊ शकतं? किती लोकांमध्ये तसं होतं? यातला किती वेळ दवाखान्यात जाईल? नाही घेतला तर काय होईल? मग पेशंटला विचारा: तुमच्यासाठी आत्ता सगळ्यात महत्त्वाचं काय? कुठे राहायला आवडेल? व्हेंटिलेटर हवा का? स्वतः बोलता आलं नाही तर तुमच्या वतीने कोण बोलेल? उत्तरं वहीत लिहा, डॉक्टरांच्या नोंदीतही घालायला सांगा. हे संभाषण इमर्जन्सीच्या दारात करण्याची वेळ येऊ देऊ नका.

घरी काळजी घेणार असाल तर टीमकडून आधीच शिकून घ्या: दम लागला तर काय करायचं (चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा आणि डॉक्टरांनी ठरवलेलं मॉर्फिन, दोन्हींचा उपयोग होतो), अस्वस्थता वाढली तर कोणतं औषध, गिळता येईनासं झाल्यावर औषध कसं द्यायचं, रात्री कुणाला फोन करायचा. शेवटच्या दिवसांत खाणंपिणं आपोआप कमी होतं. शरीर अन्न वापरू शकत नसतं, तुम्ही उपाशी ठेवत नसता. जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागतो. ओठ आणि तोंड ओलं ठेवा. घशातून घरघर ऐकू येते ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण पेशंटला तिचा त्रास होत नसावा असंच डॉक्टर सांगतात. कुशीवर वळवल्याने ती बरीच कमी होते.

पेशंट गेल्यानंतर उरलेलं मॉर्फिन आणि पट्ट्या कचऱ्यात टाकू नका. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत करून दुमडा आणि सगळं मोजून टीमकडे परत करा. त्याच भेटीत घरच्यांसाठी दुःखातल्या समुपदेशनाची सोय आहे का हे विचारा, मुलांसाठी वेगळी आहे का हेही. काही ठिकाणी टीम काही आठवड्यांनी स्वतः फोन करते. तो फोन घरातल्या कुणाच्या नंबरवर यावा, ते तिथेच लिहून द्या.